बाजा हरला आणि कर्णा गेला

"हुजूर सरकारच्या इलाख्यातली तमाम रयत, बाजाराला आलेली गिऱ्हाइकं, बांधलेली आणि सुटलेली जनावरं, सर्वांना ताकीद देण्यात येते! आता जो आवाज निघेल, त्याच्या धन्याला या बाजारात कोणी ओळखत नाही. म्हणून तो जास्त गुमान ऐकावा!"

नांदूरघाटच्या आठवडी बाजारात बैलगाडीवर उभं राहून मी ही घोषणा केली. एका बैलानं माझ्याकडे पाहिलं. बाकी सगळे कांदे निवडत होते.

माझा धंदा फोनोचा, म्हणजे गाणाऱ्या बाज्याचा. लाकडी पेटी, वर फिरणारी रेकॉर्ड, तिच्यावर सुई, आणि सुईचा बारीक आवाज मोठा करणारा पितळी कर्णा. कर्णा काढला तर पेटी डासासारखी गुणगुणते. पेटी माझी, पण गाडी आणि बैल माणिकशेठचे. शेठ तंबाखू विकायचे. मी गाणी लावायची, माणसं जमवायची, शेठनी पुड्या खपवायच्या, असा करार होता.

शेठना फक्त गाजलेल्या बायांची गाणी पाहिजेत. मला ती पाठ झाली होती. गाजलेल्याला माझी काय गरज? म्हणून मी माझा एक कायदा केला होता. दोन रेकॉर्डी शेठच्या, तिसरी बिननावाची. कुठल्या तरी दुकानात कोपऱ्यात पडलेली, कोणी न घेतलेली. तिच्यासाठी घोषणा मात्र सगळ्यात मोठी.

"तिसरी लागली की लोक पांगतात," शेठ म्हणायचे.

"पांगतात, पण जाताना ऐकतात," मी म्हणायचो.

त्या दिवशीची तिसरी रेकॉर्ड राणोजी नावाच्या शाहिराची होती. हा राणोजी कोण, कुठला, मला आजही ठाऊक नाही. आवाज घोगरा, डफ मात्र कडक. तो गात होता:

दिवसभर दोघं संगं राबली, माणूस आन् सावली
सांज झाली, सांग गड्या रे, नीज कुणा आधी पावली?

त्या काळच्या रेकॉर्डींवर गाणारा शेवटी आपलं नाव सांगायचा. तसं यानंही सांगितलं, "मी शाहीर राणोजी!" आणि रेकॉर्ड संपली.

इथं आमच्याकडचा एक रिवाज सांगायला हवा. कलगी आणि तुरा हे शाहिरांचे दोन पक्ष. एकानं गाण्यातून कोडं घालायचं, शेवटी आपलं नाव सांगून थांबायचं. दुसऱ्यानं गाऊनच जवाब द्यायचा. ज्याची बोलती बंद झाली, त्यानं आपला डफ समोरच्याच्या पायाशी ठेवायचा आणि घरी जायचं.

राणोजीनं कोडं घातलं, नाव सांगितलं आणि थांबला. रिवाजात तसूभर चूक नाही.

मिरच्यांच्या ढिगाआडून शाहीर गेनबा उठले. लिंबागणेशचे, तुऱ्याचे, पांढऱ्या मिशांचे. ते सरळ कर्ण्यासमोर आले, कानावर हात ठेवला आणि त्याच्या तोंडात गायले:

नीज माणसाला, सावलीला न्हाई, अंधार तिचं माहेर
दिवा मालवता निघून जाई, उजाडता येई बाहेर!

बाजार उसळला. कांदे टाकून माणसं धावली. गेनबांनी कर्ण्याला दरडावलं, "हां, आता बोल! दे पुढचा जवाब!"

कर्णा गप्प.

"शाहीर, तो ऐकत न्हाई हो," मी म्हणालो. "नुसता बोलतो."

"ऐकायचं न्हाई, तर इचारायला काहून आला?"

मी घाबरून पेटीला चावी दिली आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. राणोजीनं तेच कोडं पुन्हा घातलं.

"अरं, आत्ता तर सांगितलं की बे!" सटवा ओरडला. हा मेंढरंवाला, काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

"मागल्या बाजूला जवाब असंल," कुणीतरी सुचवलं. मी रेकॉर्ड उलटली. मागच्या बाजूला पाळणा होता.

बाजारातल्या वडीलधाऱ्यांनी फैसला केला. विचारल्यावर जो पाळणा म्हणतो, तो हरला. बाज्याजवळ डफ नाही, म्हणून गेनबांनी त्याच्या बदल्यात कर्णा काढला, खांद्यावर टाकला आणि वाजतगाजत गेले.

शेठ गाडीवर एकटेच उरले होते. पुड्याही सगळ्या उरल्या होत्या.

"चौसाळ्याच्या बाजारी कर्णा न्हाई, तर तू बी न्हाई," ते म्हणाले. "तवर काय करायचं त्ये बघ."

मी लिंबागणेशला जाऊन हातापाया पडलो. गेनबांनी गूळपाणी दिलं, कर्णा दिला नाही. "जिंकलेली चीज परत करणं आमच्यात न्हाई," म्हणाले.

चौसाळ्याला मी कर्ण्याशिवाय पेटी लावली. शेजारच्या कोंबडीचा आवाज तिच्याहून मोठा होता. शेठ माझ्याकडे न बघता दुसऱ्या एका ढोलकीवाल्याशी बोलू लागले.

तेवढ्यात गेनबा आले. कर्णा काठीला बांधून निशाणासारखा उंच धरलेला. बाजारात ठिकठिकाणी थांबून आपला जवाब गात होते. पण चौसाळ्याच्या लोकांनी कोडं कुठं ऐकलं होतं? ते विचारायचे, "पर सवाल काय हुता?" मग गेनबा सवालही स्वतःच गायचे. लोक हसायला लागले.

"शाहीर, घरी बसूनच जिंकला काय? आपुनच इचारायचं, आपुनच सांगायचं!"

गेनबा लाल होऊन माझ्या गाडीशी आले. "लाव रं तुझा राणोजी. ऐकू दे ह्यास्नी."

"कर्ण्याबिगर कसं ऐकू येणार?"

"कर्णा माझा हाय."

"तुमचाच. परत मागतच न्हाई. उसना द्या."

त्यांनी मिशीला हात घातला. उसनं देण्याला रिवाजात मनाई नव्हती. "उसना देतो. पर दर बाजारी हेच कोडं लावायचं, आन् जवाब मी द्यायचा."

"कबूल."

राणोजी गरजला, गेनबा गरजले, बाजार उसळला. शेठच्या पुड्या संपल्या. घरी जाताना ते म्हणाले, "त्या बायांचं ऱ्हाऊ दे आता. आधी त्यो घोगरा लावत जा."

अजूनही माझ्या पेटीवरचा कर्णा उसनाच आहे. या धंद्यात मी एवढंच शिकलो की गाजलेल्या गाण्याला वाहवा करणारे पुरतात, बिननावाच्या गाण्याला मात्र भांडणारा लागतो.

पुढं बाजारामागून बाजार तोच सामना झाला. सुई घासून राणोजीचा आवाज आणखी बसला, पण पार पिंपळनेरच्या वाटेवरचे लोकही त्याचं नाव घेऊ लागले. एकदा नांदूरघाटलाच राणोजी कोडं घालून, नाव सांगून थांबला. गेनबांनी कानावर हात ठेवला. बाजार एकदम चिडीचूप. आणि त्या शांततेत सटवा काठीवरची हनुवटी उचलून कळवळून ओरडला,

"गेनबा, एकदा त्याला बी जिंकू द्या की! लई लांबून येतोय बिचारा!"