आज एकही फोडली नाही

थोरलीचं ते वाक्य आईच्या डोक्यातून जाता जात नव्हतं. "आई, आज एकही फोडली नाही."

थोरली परगावी औषधांच्या कारखान्यात तपासनीस होती. प्रत्येक बॅचमधल्या वीस बाटल्यांची सीलं फोडायची, आतलं खोकल्याचं औषध तपासायचं आणि कागदावर सही करायची. तपासणीच्या खोलीला खिडकी नव्हती. दारही साहेबांच्या कार्डाशिवाय उघडत नसे. मुलगी काय करते असं कुणी विचारलं, की बाबा ऐटीत सांगत, "फोडते!" त्यांनी तिचं नावच फोडकरबाई ठेवलं होतं.

"काय फोडकरबाई, आज किती डोकी फोडलीत?"

"साहेबांचं तेवढं राहिलंय, बाबा."

म्हणूनच परवा फोनवर ते वाक्य ऐकून आई हसली होती. "बरं झालं, हातांना विसावा मिळाला." मग जेवलीस का, हो जेवले, ठेवते.

आज दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना आईचा हात अचानक थांबला. फोडली एकही नाही, पण कारखाना तर चालूच होता. म्हणजे बाटल्या बाहेर गेल्या. न फोडताच सही झाली.

महिन्यापूर्वी थोरली म्हणाली होती, "झाकणं सैल येताहेत गं. साहेब म्हणतात, वेळ नाही, नुसती सही कर." तेव्हा आईनेच समजावलं होतं, "नवी नोकरी आहे. तू कशाला या विषयाला तोंड फोडतेस?" पोरीने मुकाट ऐकलं होतं. बोलली तर नोकरी जाणार. नाही बोलली आणि उद्या कुणाचं लेकरू आजारी पडलं, तर खापर हिच्याच माथी फुटणार. सही हिची! लेकीच्या तोंडाला बूच बसलं होतं आणि ते घरच्याच हाताने घट्ट केलं होतं.

आईने फोन हातात घेतला.

"अगं, आत्ता कामावर असेल ती," बाबा म्हणाले. "सुटल्यावर कर."

"सुटेपर्यंत आणखी एक सही होईल."

"मग सांगणार काय तिला?"

"फोड म्हणून सांगणार. नोकरी गेली तर घरी ये म्हणावं."

बाबांनी घड्यांचा ढीग बाजूला सारून तिला बसायला जागा केली. आईने थोरलीचा नंबर लावला. जेवलीस का, हे आज ती विचारणार नव्हती.