सुगतची फांदी

मानवतची रोहिणी आणि पेडगावचा सुगत परभणीत एकाच ऑफिसात कामाला होते. सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून एक ॲप बनवत होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना एसटी कुठवर आली ते हे ॲप बोलून सांगणार होतं. पेडगाव फाट्यावरच्या बजरंगच्या हॉटेलात त्याचा स्पीकर बसवायचा होता.

रोहिणी या कामात नवीन होती. ॲपच्या प्रोग्रामच्या ओळींची मूळ प्रत म्हणजे मुख्य फांदी. सुगतनं तिला बसवून शिकवलं. "मुख्य फांदीला एकदम हात लावायचा न्हाई. तिच्यातून आपली येगळी फांदी काढायची अन् तिच्यावर काय करायचं ते करायचं. नीट चाललं की मुख्य फांदीत जोडायची."

"अन् दोघांनीबी बदल केले तर?"

"येगळ्या ओळीत असले तर आपोआप जुळतेत. एकाच ओळीला दोघांचा हात लागला, तर मशीन थांबतंय. दोनी ओळी समोर मांडतंय. मंग आपून ठरवायचं, कोणची ठेवायची."

पावसाळ्यात सुगतला कावीळ झाली आणि बघता बघता तो गेला. त्याची फांदी जोडायची राहूनच गेली.

दिवाळीनंतर बजरंगनं स्पीकरची आठवण करून दिली, तेव्हा रोहिणीनं ती फांदी जोडायला घेतली. ओळी गुपचूप जुळत गेल्या. प्रत्येक बदलापुढं सुगतचं नाव येत होतं, जणू तो आत्ताच खुर्चीवरून उठून गेलाय. आणि मग काम थांबलं. एकच ओळ अडली होती. मुख्य फांदीत रोहिणीनं मशीनचा आवाज घातला होता. सुगतनं त्याच जागी स्वतःचा आवाज भरून ठेवला होता. तिनं तो लावला.

"मानवतची गाडी यायलीय. बायांनो, पिशव्या उचला!" शेवटी बारीकसं हसू.

ती ओळ पुसायला रोहिणीचा हात धजेना, ठेवायचीही भीती वाटे. शेवटी ती पेडगावला सुगतच्या आईकडं, सुलाबाईंकडं गेली आणि आवाज ऐकवला. सुलाबाईंनी तिचा मोबाइल कानाशी धरला.

"अजून एक बार लाव." मग म्हणाल्या, "बोलू दे त्याला, पोरी."

रोहिणीनं आपली ओळ काढली, त्याची ठेवली आणि जोडणी पुरी केली.

स्पीकर पहिल्यांदा बोलला तेव्हा फाट्यावरची, सुगतला ओळखणारी एक बाई दचकून मागं वळली. त्यानंतर सुलाबाई रोज फाट्यावर येऊन बसू लागल्या. गाडी यायची, माणसं चढायची, त्या हलायच्या नाहीत.

"मावशी, गेली की गाडी," बजरंग म्हणायचा.

"जाऊ दे. दुसरी यील की आता."

केलेली जोडणी उलटवता येते, हेही रोहिणीला सुगतनंच शिकवलं होतं. तिनं उलटवायची आज्ञा अनेकदा लिहिली आणि प्रत्येक वेळी पुसून टाकली. आवाज काढू का, हे सुलाबाईंना विचारायचा धीर तिला अजून झालेला नाही. आता ती मानवतहून परभणीला फाट्यावरून जाणाऱ्या एसटीनं जात नाही, रेल्वेनं जाते.