साडू आणि त्यांचे उंदीर

आमच्या साडूंइतका हुशार आणि घरच्यांना तितकाच निरुपयोगी माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंत दुसरा सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, आम्हा सगळ्यांचे अण्णा. पिरनवाडीत राहतात आणि बेळगावातल्या एका मेडिकल कॉलेजात उंदरांच्या पाठीच्या कण्यावर संशोधन करतात. कण्याच्या ऑपरेशननंतर आत व्रणाची जाळी धरते, ती नसांना चिकटते आणि दुखणं पुन्हा उभं राहतं. ही जाळी धरू नये आणि दुखावलेला मज्जारज्जू पुन्हा जुळून यावा, यासाठी त्यांची सगळी धडपड. हे मला ठाऊक आहे, कारण प्रत्येक पंगतीत त्यांनी ते मला ऐकवलं आहे. एकदा तव्याला चिकटून फाटलेली पुरणपोळी माझ्या पानातून उचलून त्यांनी सगळ्यांना दाखवली. "बघा, नेमकं असंच चिकटतंय आत!" त्यानंतर पोळी कुणीच मागितली नाही. बरं, एवढं ज्ञान असून कुणी कंबर धरून आशेनं विचारावं, तर उत्तर ठरलेलं, "मला उंदराचं विचारा. माणसाचं डॉक्टरला विचारा."

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला ते निपाणीला आले आणि ऐन ओटी भरायच्या वेळी पिशवी उचलून निघाले. व्याह्यांनी जेवणाचा आग्रह केला, तर भर मांडवात त्यांना साग्रसंगीत कारण सांगितलं. कमरेखालून लुळ्या पडलेल्या उंदरांना लघवी आपणहून होत नाही, पोट हलकेच दाबून ती काढावी लागते, आणि त्याची वेळ होत आली आहे. व्याह्यांनी धरलेला हात सोडला. मेहुणीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तोंडाला पदर लावला. पुढे मी चिडून विचारलं, "कॉलेजात दुसरं कुणी नाही का?"

"हायत की. पण त्यांना इजा मी केलीय न्हवं?"

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं!

मागल्या वर्षी मात्र मी भांडलो. आमचा धाकटा मेहुणा येळ्ळूरला राहतो, उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर कामाला होता. घराची कौलं परतताना तो खाली पडला, कण्याला मार बसला आणि दोन्ही पाय लुळे पडले. ऑपरेशन झालं, पण पाय हलेनात. सासूबाईंनी अण्णांचे हात धरले. "पावणं, उंदरांना देताय ते औषध माझ्या लेकराला द्या की हो."

"न्हाय, आत्ती. ते माणसासाठी अजून न्हाय."

"उंदीर चालले म्हणून तुम्हीच पेढे वाटले होते!" मी ओरडलो.

"काही चालले. काही न्हाईत. का, ते मलाच अजून कळलं न्हाय."

मग कुणीतरी मोबाइलवर लांबच्या शहरातलं एक खात्रीचं इंजेक्शन शोधून काढलं. गाडी ठरली. अण्णा दारात आडवे उभे राहिले. "ह्याला पुरावा न्हाय, आहे ते पण जाईल," एवढंच सांगत राहिले. मी नको नको ते बोललो. शेवटी मेहुणाच म्हणाला, "ऱ्हाऊ दे. दाजी म्हणतात तर न्हाय जात." सासूबाईंनी त्या दिवसापासून अण्णांशी बोलणं टाकलं.

आणि हा गृहस्थ कॉलेज सुटल्यावर रोज येळ्ळूरला यायला लागला! टाचा बघायचे, कुल्ल्यावर कुठे लाल झालंय का बघायचे, कूस बदलायला उशीर झाला की मदतीला जाऊन राहिलेल्या माझ्या बायकोलाही फाडून खायचे. लघवीची नळी कशी घालायची हे घरातल्या प्रत्येकाला शिकवलं, मला तर दरडावून. घरात हे आले की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. पण मेहुण्याच्या अंगावर एक जखम झाली नाही. हल्ली तो तीनचाकी स्कूटरवरून उद्यमबागेत जातो, बसून माल तपासतो. पाय तसेच आहेत.

यंदा दिवाळीत सगळे येळ्ळूरला जमलो. जेवताना अण्णांनी उंदरांचा विषयच काढला नाही. मेहुण्यानं विचारलं, "दाजी, काम कुठवर आलं?"

"न्हाय जमलं रं ह्या खेपेला." अण्णा पानाकडेच बघत होते. "एक पण उठला न्हाय."

मेहुण्यानं चाकांची खुर्ची जवळ घेतली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "असू द्या. परत करा की. मला काय घाई न्हाय."

अण्णांनी मान हलवली, पण घास काही उचलेनात. आतून सासूबाई तुपाची वाटी घेऊन आल्या, त्यांच्यासमोर खाली बसल्या आणि भातावर तूप वाढत म्हणाल्या, "जेवा, पावणं. गार होतंय."