गालातली अंगठी आणि मेंदूतला किडा

डोक्याच्या एमआरआय मशीनच्या खोलीत लोखंड न्यायचं नाही, हे नगरच्या सेंटरवरच्या ताईंनी मला तीनदा बजावलं होतं. मी घड्याळ काढलं, पट्टा काढला आणि घोड्याच्या नालेची अंगठी मात्र गुपचूप गालात धरली. आमच्या सोनईकडं साडेसातीत ही अंगठी कुणी बोटातून काढत नाही. त्यात मी शेतात फिट येऊन पडलेलो. मेंदूत गाठ निघाली तर डोकं उघडावं लागेल, असं डॉक्टर म्हणालेले. अशा वेळी शनिमहाराजांना टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवून जायची माझी छाती होईना.

शेजारी भिंगारचे एक गृहस्थ बायकोला तपासायला घेऊन आले होते. "काका, तोंडात काय टाकलं?"

"बडीशेप."

"बडीशेप दातावर अशी वाजत न्हाई." त्यांनी हात पुढं केला. "आत केवढं लोहचुंबक हाय! गाल फाडून बाहेर काढील. द्या इकडं. महाराज माझ्या हातात बी बसतील की."

दिली. आत पत्र्याच्या शेडवर हातोडे पडावेत तसा आवाज. जप करावा म्हटलं, तर कुठल्या देवाचं नाव घ्यावं तेच सुचेना. बोट मोकळं, गाल मोकळा. शेवटी म्हटलं, बाबा, तूच बघ आता. एवढी आखूड प्रार्थना मी जन्मात केली नव्हती. आणि का कोण जाणे, अंग सैल पडलं.

बाहेर आलो तर अंगठी आमच्या हिच्याकडं देऊन ते गृहस्थ गेलेले. नाव विचारायचंही राहिलं.

गाठ नव्हती. किडा होता, गोळ्यांनी मरणारा. हा किडा डुकरांतून माणसांत फिरतो, असं डॉक्टरांनी सांगताच हिनं माझ्या गळ्यातल्या तुळशीमाळेकडं असं पाहिलं, की वीस वर्षांचा माळकरी मी, न केलेल्या पापानं घामाघूम झालो. मग डॉक्टरांनी उलगडून सांगितलं, की किड्याची अंडी न धुतलेल्या भाजीवरूनही पोटात जातात. मुळा उपटायचा, पँटला पुसायचा आणि खायचा, ही तर माझी रोजची न्याहारी!

किड्यामुळं मेंदूवर काय परिणाम होतो, याचा डॉक्टर फोटो काढून अभ्यास करत होते. माझेही फोटो घेऊ का, म्हणाले. दहावीला दोनदा बसलेल्या माणसाचं डोकं अभ्यासाला! मी लगेच हो म्हटलं. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढला, तेव्हा किड्याच्या जागी मोहरीएवढा डाग उरला होता.

किडा कुणी घातला आणि भिंगारचा तो माणूस कुणी पाठवला, दोन्ही एकाचंच काम का, माझं अजून काही जुळत नाही. पण जुळवायचा हट्ट सुटला. देवाला मुठीत धरून ठेवायची गरज नसते, एवढं मात्र कळलं. परवा हात जोडून हिला म्हटलं, "आता सगळं त्याच्यावर सोपवलंय बघ."

ही म्हणाली, "ब्येस केलं. पण सकाळची फिटची गोळी अजून डबीतच हाय. ती त्यानं गिळायची का तुमी?"