दसऱ्याच्या लिंबावरून गेलेला स्केटबोर्ड

लेकीनं पहिल्या पगारातून काय घेतलं, असं लातुरात कुणी विचारलं की मी विषय पावसावर नेतो. तिनं एक जुना, खरचटलेला स्केटबोर्ड घेतलाय. परदेशातल्या कुण्या व्यावसायिक खेळाडूनं पूर्वी वापरलेला. खालचं चित्र अर्धं घासून गेलंय, एका टोकाचा टवका उडालाय. मी म्हणालो, "दुकानदारानं बदलून दिला असता की." तिनं माझ्याकडं इतक्या करुणेनं बघितलं, की मी चष्मा पुसायला घेतला.

तिचा रोजचा बोर्ड वेगळा. त्यावर ती कॉलनीच्या सिमेंट रस्त्यावरून भरधाव जाते. ह्याच्यावर मात्र पाय ठेवायचा नाही. लाकूड वाळलंय, मोडेल. म्हणून तो हॉलमध्ये टेबलावर. चालवायची नाही आणि दुरुस्तही करायची नाही, अशी वस्तू आमच्या घरात तोवर मी एकटाच होतो.

दसऱ्याला औशाहून माझी थोरली बहीण आली. मोटारसायकल धुऊन, झेंडूचा हार घालून झाला, तशी आक्काची नजर टेबलावर गेली.

"ह्येला चाकं हायत न्हवं? मग आत कशाला? आन भाईर."

मी तो उचलून अंगणात नेला, तशी लेक धावली. "ओ आत्या, पाणी नका लावू! लाकूड फुगंल."

"बरं, कोरडंच कुंकू लावते. पण पूजा झाली की गाडी लिंबावरून न्यावी लागती."

"आणि मोडला तर?"

"आन न्हाई नेली, तर मी पूजा कशाची केली?"

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मला लेकीचंही पटत होतं, आक्काचंही. अशा वेळी मी जे करतो तेच केलं. आत जाऊन लिंबू आणलं आणि पुढच्या चाकासमोर ठेवलं. लिंबू चाकाएवढंच.

"पप्पा, मी तोंडावर पडेन."

आक्कानं बत्ता मागवला आणि लिंबू ठेचून पार पापड केला. "आता?"

 लेकीनं चपला काढल्या. का, ते मला कळलं नाही. एक पाय ठेवला, मग दुसरा. लाकूड करकरलं.  बोर्ड लिंबावरून गेला आणि गेटपाशी थांबला. तिनं तो उलटा करून खालून हात फिरवला. चीर नव्हती.

"पप्पा, हा डावीकडं ओढतोय."

"म्हणजे बिघडलाय."

"नाही हो. तो खेळाडूच असा उभा राहत असणार, डावीकडं भार टाकून."

कधी न पाहिलेल्या माणसाची ही सवय हिला अंगणातल्या अंगणात कशी कळली, ते मला अजून उमगलेलं नाही. तोवर ती पुन्हा चढून गेटबाहेर गेलीसुद्धा.

"आक्का, मग आता हे ठेवायचं म्हणायचं, का चालवायचं?"

"तुला काय करायचंय? बाजूला सरक. पोरगी परत यायलीय."