वाडीतलं ऊन

बाबू जन्मला तेव्हाच त्याचे केस पांढरे होते. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कातडी गुलाबी. असं मूल झालं की लोक त्याला सूर्यमुखी म्हणतात. ज्याला उन्हात धड डोळे उघडता येत नाहीत त्याला हे नाव ठेवणाऱ्याच्या अकलेला काय म्हणावं!

विमला लग्न होऊन वसईला त्याच्या वाडीत आली तेव्हा तिला त्याच्या रंगाचं काही वाटलं नाही. माणूस कष्टाळू होता, शब्दाने कुणाला दुखवत नव्हता. केळी आणि मोगरा हे त्याचं जग. मे महिन्यात त्याची मान लाल व्हायची, नाकाचे पापुद्रे निघायचे. सासूबाई म्हणायच्या, "लहानपणापासून असाच हाय तो." विमलाही तेच म्हणायला शिकली.

लग्नानंतर पहिल्याच मे महिन्यात गावच्या मंडळाची बस मालवणला गेली. समुद्र घरापासून सायकलने दहा मिनिटांवर, पण तिथे कोण बसतं? तारकर्लीला मात्र बाबू पोरासोरांबरोबर दिवसभर उघड्या अंगाने पाण्यात खेळला. संध्याकाळी पाठीवर टरटरून फोड आले आणि उरलेली सहल त्याने पालथं पडून काढली. विमला रडली. परक्या गावचं ऊन आपल्या माणसाला मानवत नाही, असं तिने मनाशी पक्कं धरलं.

तेव्हापासून सहल ठरली की ती आधी उन्हात लावायचं क्रीम घ्यायला स्टॅनीच्या मेडिकलमध्ये जायची. अर्धा अर्धा तास उभी राहायची.

"तीस नंबरचं नको, पन्नासाचं दाखव. पाण्यात निघून जाणार नाही ना? वास उग्र नको, यांना शिंका येतात."

"काकी, सोनं घेताना पन एवढं कोन बघत नाय," स्टॅनी हसायचा.

ट्यूबवरचा बारीक मजकूर ती आधी स्टॅनीकडून आणि पुढे मुलगी नेत्रा शिकल्यावर तिच्याकडून वाचून घ्यायची आणि अक्षरन् अक्षर पाळायची. निघण्याआधी अर्धा तास लावायचं, दोन बोटं भरून, कानांच्या मागेसुद्धा. दर दोन तासांनी पुन्हा. बस हॉर्न वाजवत उभी असायची आणि मागून कोणीतरी ओरडायचं, "थांबा रे, नवरदेवाला हळद लागतेय!" बाबू डोळे मिटून मुकाट्याने तोंड पुढे करायचा. लाजायचा, पण सुखावायचा. गणपतीपुळे, गोवा, कन्याकुमारी झाली. बाबूच्या अंगावर पुन्हा कधी फोड उठला नाही. विमलाला त्याचा अभिमान होता, आणि तो तिने कधी लपवला नाही.

सहलीहून आलं की उरलेली ट्यूब कपाटात साड्यांमागे जायची. चांगली वस्तू घरी कोण वापरतं? दुसऱ्या दिवशी सकाळी बाबू टोपीसुद्धा न घालता मोगऱ्याच्या सऱ्यांमध्ये उभा असायचा, उन्हं डोक्यावर येईपर्यंत. अशी तीस वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत त्याच्या डाव्या कानाच्या पाळीवर खपली धरली. हळद लावली, खोबरेल लावलं. खपली पडायची, पुन्हा धरायची. होळीपर्यंत तेच चाललं. लग्नानंतर वसईतच एव्हरशाईनच्या नव्या वसाहतीत राहणाऱ्या नेत्राने शेवटी वडिलांना जबरदस्तीने गाडीत घातलं आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या. निकालाच्या दिवशी नेत्रा खाली कागदपत्रं करायला गेली होती, तेवढ्यात डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं.

"उन्हासाठी काही लावत होतात का यांना? सनस्क्रीन?"

"हो तर! दरवर्षी," विमला म्हणाली. "पन्नासाचंच."

"दरवर्षी म्हणजे?"

"सहलीला जातो तेव्हा. सात दिवस, दर दोन तासांनी."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस घरीच असतात ना. वाडीत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आपण काय बोललो ते विमलाला तोंडातून शब्द बाहेर पडल्यावर ऐकू आलं. मग डॉक्टरांनी समजावलं, शांतपणे, रागावून नाही. या कातडीला ऊन म्हणजे ऊनच, गोव्याचं काय आणि वसईचं काय. हा कातडीचा कॅन्सर आहे आणि मानेच्या गाठीत उतरलाय.

कान गेला. गाठी काढल्या, रेडिएशनचे शेक दिले. पावसाळ्यात नव्या गाठी आल्या.

एका दुपारी नेत्रा ओटीवर बसून आईवर उसळली. "आई, आयुष्यभर उन्हात होते ते! तुला एकदाही वाटलं नाही रोज लावायला सांगावं?"

विमला दारात उभी होती. खरं तेच होतं. एकदाही वाटलं नव्हतं.

"तिला कशाला बोलतेस?" खाटेवरून बाबू म्हणाला. "ती रोज सांगायची. रोज. मीच ऐकलं नाय. बायकी वाटायचं मना."

नेत्राने कपाळाला हात लावला. "बाबा, काय हा हट्ट!"

बाबूने आयुष्यात एवढ्या सफाईने खोटं कधी सांगितलं नसेल. त्याचे जन्मापासून थरथरणारे डोळे विमलाकडे वळले आणि त्याने हलकेच मान हलवली, बोलू नकोस म्हणून. ती बोलली नाही. उद्या सांगू, असं तिला वाटलं. उद्याचे तीन महिने झाले. नेत्रा तेवढे दिवस वडिलांशी तुटक बोलत राहिली, आणि मार्गशीर्षात बाबू गेला.

दहाव्याला घर भरलं. बाबूची बहीण हंसा डोळे पुसत म्हणाली, "भाऊ माझा गुणाचा, पन हट्टी. वैनी एवढी सांगायची, ऐकला असता तर आज असता." बायकांनी माना डोलावल्या. कोणीतरी विमलाची पाठ थोपटली. तिने तोंड उघडलं.

नेत्रा तिच्याजवळ सरकली, तिचा हात हातात घेतला. तीही आता रडत होती.

"निदान तुझ्या मनाला तरी टोचणी नाही, आई. तू तुझं सगळं केलंस."

विमला म्हणाली, "हो."