जोडीदाराचा रकाना

दवाखान्याच्या तळमजल्यावर, औषधांच्या काउंटरमागे, खिडकी नसलेली एक खोली होती. त्या खोलीत बसून ती अठरा वर्षं फोन जोडून देत होती. सगळे तिला एक्स्चेंजबाई म्हणायचे. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर फारशी आली नव्हती. दिवसभरात तीनेकशे माणसांशी ती बोलायची आणि त्यातलं एकही बोलणं तिच्यासाठी नसायचं. डॉक्टर हवेत, रक्त मिळेल का, आमचा पेशंट कुठल्या मजल्यावर आहे, असं विचारत लोक तिच्यातून पलीकडे निघून जायचे.

अपवाद एकच. मुलांच्या वॉर्डातलं एखादं पोर कंटाळून भिंतीवरचा फोन उचलायचं आणि विचारायचं, "कोण आहे?"

"मी आहे."

"कुठे बसलीयस?"

"तुझ्या पायाखाली, तीन मजले खाली."

मग तिकडे खिदळणं, जमिनीवर पाय आपटणं, आणि 'ऐकू आलं का?' नर्स येऊन फोन ठेवून द्यायची. असा फोन आला की तिचा तो दिवस बरा जायचा.

आई गेली तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. लग्न राहूनच गेलं होतं. कुणी मोडलं असं नाही, कुणी मनावर घेतलं नाही एवढंच. दादा दूर दुसऱ्या देशात होता, रविवारी फोन करायचा, जेवलीस का विचारायचा, आणि मागून वहिनी त्याला कशाला तरी हाक मारायची. दोन खोल्यांचं घर तिला खायला उठायचं. त्यातच दवाखान्याच्या व्यवस्थापकांनी तिला बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षीपासून फोन मशीनच उचलेल, तुम्हाला रेकॉर्डच्या खोलीत जागा देऊ. तिने मान हलवली. जिना उतरताना मात्र तिच्या मनात आलं, आता त्या पोरांना 'कोण आहे' विचारल्यावर काय ऐकू येईल? एक दाबा, दोन दाबा?

महिनाभर घोळ घालून तिने प्राथमिक शिक्षक होण्याच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातलं. दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, या वयात? मग स्वतःच ओशाळून म्हणाला, कर, कर, वेळ चांगला जाईल.

पहिल्याच सत्रात भौतिक विज्ञान सक्तीचं निघालं. शाळेत असताना याच विषयाची तिने हाय खाल्ली होती. पण हे विज्ञान वेगळं होतं. पहिली ते चौथीच्या मुलांना जे शिकवायचं, ते आधी आपल्या हातांनी करून बघायचं. काय बुडतं, काय तरंगतं. बर्फ कशात गुंडाळला की उशिरा वितळतो. सामान सगळं स्वयंपाकघरातलंच. तीन वाजता ड्यूटी संपवून घरी यायचं, ओट्यावर परात मांडायची आणि तक्त्यात आकडे भरायचे.

तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक रकाना होता: जोडीदाराचं नाव. लहान मुलांना प्रयोग दोघादोघांनी करायला शिकवायचं, म्हणून शिक्षकांनीही तसेच करावेत, असं विज्ञानाच्या मॅडमचं म्हणणं. जोड्या त्यांनीच लावून दिल्या. ऑनलाइन वर्गात बहुतेकांनी कॅमेरे बंद ठेवलेले असत, चेहऱ्याच्या जागी कुणी फूल लावलेलं, कुणी डोंगर. हिच्या जोडीदारणीने चहाची किटली लावली होती. म्हणून हिने मनातल्या मनात तिला किटली म्हणायला सुरुवात केली. एकदा ते तोंडातून निसटलंही. तिकडे ती इतकी हसली की तिला खोकला लागला.

किटली तिशीतली, दोन मुलांची आई, कुठल्यातरी लहान गावात राहणारी. दर गुरुवारी चार वाजता दोघी फोनवर यायच्या. तिकडे मागे सतत काहीतरी पडत असायचं, कुणीतरी रडत असायचं, कुकर शिट्टी मारायचा. किटली म्हणायची, "ताई, तुमच्याकडे किती शांत आहे हो. नशीबवान आहात." एक्स्चेंजबाई तक्त्यातला पुढचा आकडा विचारायची.

लंबकाच्या प्रयोगाचा दिवस तिला चांगला आठवतो. अर्धा मीटर दोरी, खाली लोखंडी नट, दहा झोके मोजायचे. हिने नट दाराच्या चौकटीला टांगला, तिने पडद्याच्या दांडीला. दोघींनी एकदमच सोडला. हिचं उत्तर चौदा सेकंद आणि वर थोडं. किटलीचंही तेच. मग किटलीने जड नट लावला, हिने हलका. तरीही चौदा आणि वर थोडं.

"ताई, म्हणजे तुमच्या घरात आणि माझ्या घरात आत्ता एकच हलतंय," किटली म्हणाली.

त्या संध्याकाळी हिने नट काढला नाही. भांडी घासताना मध्येच येऊन ती त्याला बोटाने ढकलायची.

सहाव्या आठवड्यात किटली आली नाही. हिने साडेचारपर्यंत फोन हातात धरून ठेवला. मुलं आजारी असतील. सातव्या आठवड्यातही तेच. निरोप पाठवले, ते वाचलेच गेले नाहीत. अठरा वर्षं माणसांना माणसं जोडून देणाऱ्या बाईला हा एक फोन लागत नव्हता. शेवटी एका सकाळी ड्यूटीवर असताना चार ओळी आल्या: 'ताई, आता घरात जमत नाही. सासूबाई पडल्या, त्यांचं सगळं माझ्यावरच आहे. तुम्ही मात्र पूर्ण करा. प्लीज.' हिने लगेच उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तेवढ्यात एक्स्चेंजच्या बोर्डावर तीन फोनचे दिवे लागले. उत्तर गेलं ते दुपारी, आणि ते नुसतंच पडून राहिलं.

मॅडमनी कळवलं की आता वर्गातली संख्या विषम झाली, कुणा दोघींत तिसरी म्हणून जाल का? हिने नको म्हटलं. विजेचा प्रयोग एकटीने केला. सेल, तारा, छोटा बल्ब, आणि हात दोनच. तिसऱ्या हाताच्या जागी कपड्यांचा चिमटा लावला. बल्ब लागला तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं हे तिला ठाऊक होतं, तरी मान वळलीच. जोडीदाराच्या रकान्यात तिने रेघ मारली.

त्या सत्रातलं शेवटचं काम होतं धडा घेण्याचं: निदान एका मुलाला दहा मिनिटं शिकवायचं आणि त्याचं चित्रण पाठवायचं. इथे गाडं अडलं. मूल आणायचं कुठून? घराच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे ती गेली, दारातच चपला काढून उभी राहिली. मुलीची परीक्षा आहे, नंतर बघू, असं त्या गोड बोलून म्हणाल्या. दवाखान्यातल्या मुलांचं चित्रण करायला परवानगी नव्हती. दादाच्या लेकीला फोनवरून शिकवायला घेतलं, तर दोन मिनिटांत ती आत्याला टाटा करून पळाली. शेवटी हिने समोर रिकामी खुर्ची मांडली आणि धडा घेतला. रिकाम्या पेल्याच्या तळाशी कागद कोंबायचा, पेला उपडा करून पाण्यात दाबायचा, कागद कोरडा राहतो. का? ती खुर्चीकडे बघून थांबली, मान हलवली आणि पुढे गेली.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला.

"हे मी पास करू शकत नाही," त्या म्हणाल्या. "मूल हवंच, नियम आहे."

"कळतंय मला."

"पण एक सांगू? प्रश्न विचारला की आमचे विद्यार्थी स्वतःच घाईने उत्तर देऊन टाकतात. समोर मुलं असतानासुद्धा. तुम्ही नसलेल्या मुलासाठी थांबलात." मग त्या जरा घुटमळल्या. "घरी कुणीच नाही का?"

"नाही," ती म्हणाली. आई गेल्यापासून हे तिला इतकं सरळ कुणी विचारलं नव्हतं. बोर्डावर दिवा लागलाय असं खोटं सांगून तिने फोन ठेवला. रजेचा दिवस होता, ती घरीच होती.

मॅडमनी ओळखीच्या शाळेत शब्द टाकला. पुढच्या मंगळवारी ती दुसरीच्या वर्गासमोर उभी होती. एकोणतीस मुलं. पाण्यात दाबताना पेला कलला, बुडबुडे वर आले आणि कागद चिंब भिजला.

"बाई, तुम्ही म्हणालात कोरडा राहील," पुढच्या बाकावरची, पुढचे दोन्ही दात पडलेली एक मुलगी म्हणाली.

खुर्चीसमोर असं झालं नव्हतं. तिला वाटलं, आता संपलं. पण तिने पेला वर काढला.

"राहायला हवा होता. मग काय झालं असेल?"

ती थांबली. वर्गही थांबला. मग मागून कुणीतरी म्हणालं, बुडबुडे आले होते. ते कसले? हवेचे. हवा कुठून आली? पेल्यातून. मग कागदाजवळ काय शिरलं? पाणी! दुसरा कागद, दुसरा पेला, या वेळी दात पडलेलीच्या हातात. तिने जीभ बाहेर काढून पेला सरळ खाली दाबला. कागद कोरडा.

वर्गशिक्षिकेने केलेलं चित्रण मॅडमनी लगेच बघितलं, आणि ती पास झाली. शाळेबाहेरच्या बसथांब्यावर उभी राहून हे कुणाला सांगावं याचा तिने विचार केला. दादाच्या फोनचा रविवार पाच दिवस लांब होता. तिने किटलीला निरोप लिहिला, कागद भिजल्याचंही लिहिलं. किटली नेहमीसारखी हसली असती.

त्या निरोपाला उत्तर कधी आलं नाही. उरलेली सत्रं तिने रेकॉर्डच्या खोलीत फायली लावता लावता पूर्ण केली, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी तिला एका शाळेत पहिलीचा वर्ग मिळाला. तिथे तिला हाक मारणाऱ्यांची कमतरता नाही. सकाळभर बाई, बाई चालू असतं. साडेबाराला मुलं जातात. घरी आता काही मोठा फरक नाही, तेच दोन खोल्यांचं घर, एका माणसाचा स्वयंपाक. पण ती लगेच निघत नाही. सांडलेलं पाणी पुसते, बाक सरळ करते, आणि उद्या मुलांना काय विचारायचं ते फळ्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून ठेवते.